इस्लाह आणि कर्तृत्व : नवोदिताच्या गझलेविषयी

शिष्याने रचलेली गझल उस्तादापुढे ठेवावी आणि उस्तादाने तिच्यातील उणिवा दूर करून द्याव्यात, या उर्दू-फार्सी काव्यव्यवहारातील प्रथेला 'इस्लाह' असे म्हणतात. इस्लाहची हकीकत बहुधा गुरुभक्तीच्या आख्यायिकांतून सांगितली जाते आणि त्यामुळे तिच्यातील खरा पेच झाकला जातो. दुरुस्तीनंतर रचना कोणाची उरते?

बादशाह जफर यांचे उस्ताद जौक १८५४ मध्ये वारले व ते काम गालिब यांच्याकडे आले. पुढे जौक यांचे शिष्य मुहम्मद हुसैन आझाद यांनी 'आब-ए-हयात' (१८८०) या ग्रंथात जफर यांच्या काव्याचे बरेचसे श्रेय आपल्या गुरूला दिले. नंतरच्या अभ्यासकांनी हा दावा विवाद्य ठरविला. आझाद यांची गुरुनिष्ठा पाहता त्यांची साक्ष निःपक्ष मानणे कठीण आहे. परंतु असा दावा करता यावा, हेच या प्रथेचे वैगुण्य होय.

गालिब यांनी हरगोपाल तफ्ता यांच्या फार्सी रचनांवर पत्रांतून केलेली इस्लाह या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. समोरासमोर नुसत्या मान हलविण्याने जे भागते ते टपालाने भागत नाही. तेथे दोषाला नाव द्यावे लागते.

मराठीत माधव जूलियन यांच्या 'गज्जलांजलि'नंतरही (१९३३) उस्तादांची परंपरा रुजली नव्हती. सुरेश भट (१९३२–२००३) यांनी ही उणीव 'गझलेची बाराखडी' लिहून भरून काढली आणि ती नवोदितांना टपालाने पाठविली. या पुस्तिकेचे महत्त्व केवळ नियमांच्या संकलनात नाही. तिने गझल लिहिणारा व तपासणारा या दोघांना एक समान परिभाषा दिली.

एक उदाहरण घेऊ. नवोदिताने मतल्यात 'हवा' आणि 'नवा' हे काफिये योजले व पुढील शेरात 'दिवा' आणला. 'यमक जमले नाही' हा अभिप्राय खरा असूनही निरुपयोगी होय. 'दिवा'च्या जागी 'थवा' लिहून देणे त्याहून वाईट, कारण अंधाराचा शेर मग पक्ष्यांचा होतो. याउलट, मतल्यात वा-पूर्वीचा 'अ' हा स्वर अलामत म्हणून ठरला असून 'दिवा'मध्ये तो 'इ' झाला आहे, एवढेच दाखविले तर कवीपुढे दोन वाटा राहतात. त्याने 'दिवा' सोडावा, किंवा तो शेर प्राणप्रिय असेल तर मतलाच नव्याने बांधून केवळ अंत्य 'आ'वर आधारलेला स्वरकाफिया स्वीकारावा. यांपैकी कोणता शेर जपण्याजोगा आहे, हे त्याच्याखेरीज कोणी ठरवू नये.

वृत्तदोषाचेही असेच, मात्र तो चाल लागण्यापूर्वी, कागदावरच दाखवावा. गायक ऱ्हस्व अक्षर लांबवून मात्रा भरून काढतो आणि मैफलीत दोष कानाआड होतो.

आशयापाशी मात्र ही परिभाषा अपुरी पडते. शेराची दुसरी ओळ पहिलीचेच पुनरुच्चारण करीत आहे, एवढे दाखविता येते. तेथे कोणती कलाटणी हवी हे सांगू लागताच परीक्षक जौक यांच्या जागी जाऊन बसतो, आणि पुढे एखाद्या आझादाला लेखणी उचलण्यास निमित्त मिळते.