बिघाड शोधावा, मग खर्च करावा

बैलगाडीचा आस मोडला तर आपण बैल विकतो का? नाही. आसच बदलतो. पण यंत्राची गोष्ट आली की आपण घाबरतो. दुकानदार सांगेल ते खरे मानतो. आमचेही तसेच होणार होते. ती हकीकत ऐका.

आम्ही नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला राहतो. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी. सिडको ही संस्था १९७० साली निघाली आणि तिने हे शहर वसवले. जुने बेलापूर गाव मात्र त्याच्याही आधीचे. त्या गावच्या एक मावशी आमच्याकडे मासळी घेऊन येत. त्यांचा मुलगा दुबईला कामाला होता.

ही २००१ सालची गोष्ट. तेव्हा परदेशी फोन फार महाग पडे. म्हणून मुलगा आमच्या कॉम्प्युटरवर पत्र पाठवी. भाषा मराठी, पण अक्षरे इंग्रजी. आम्ही ते मराठी अक्षरांत वहीत उतरवून देत असू. मावशी साक्षरतेच्या वर्गाला जात. एकेक अक्षर लावून पत्र वाचत.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी घरोघरी ते टेलिफोनच्या तारेवरूनच येई. आता बघा, कॉम्प्युटरची भाषा आकड्यांची. तार मात्र माणसाचा आवाज नेण्यासाठी टाकलेली. दोघांची भाषा निराळी. मग काय करावे? परमुलखात आपण काय करतो? दुभाष्या घेतो. तसा इथला दुभाष्या म्हणजे मॉडेम. तो आकड्यांचा आवाज करून तारेवर सोडतो. पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. जोडणी लागताना मॉडेम किरकिरतो, ते दोन दुभाष्यांचे बोलणेच असते.

ऑक्टोबर महिना होता. मुलाचे पत्र आले होते, 'दिवाळीला घरी येतो. तारीख मागाहून कळवतो.' त्याच रात्री डोंगरावर विजा कडाडल्या. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, पण जोडणी लागेना. पडद्यावर मजकूर आला, 'टेलिफोनचा आवाज मिळत नाही.'

मावशी रोज विचारीत, "दादा, पोराचं पत्र आलं का?" आम्ही मान खाली घालीत असू.

एका दुकानदाराला विचारले. तो पाहायलाही आला नाही. म्हणाला, "जुना झालाय. नवा घ्या." नवा म्हणजे कित्येक हजारांचा खर्च! आम्ही ठरवले, आधी बिघाड कुठे आहे ते शोधू.

पहिली तपासणी तारेची. टेलिफोन थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावला. कानाला धरला. घूं असा आवाज स्वच्छ आला. म्हणजे बाहेरची तार चांगली.

दुसरी तपासणी दोरीची. भिंतीपासून कॉम्प्युटरपर्यंतची दोरी बदलून पाहिली. तरी जोडणी नाही. म्हणजे दोरीही चांगली.

तिसरी तपासणी कॉम्प्युटरची. त्यावर लिहिता येत होते, जुनी पत्रे उघडत होती. म्हणजे बाकीचे यंत्र धडधाकट. उरला तो मॉडेम. वीज जवळपास पडली तरी तिचा झटका तारेतून घरात येतो. टेलिफोन वाचला, पण नाजूक मॉडेम जळाला.

आमचा मॉडेम म्हणजे पेटीच्या आत बसवलेले एक कार्ड होते. आम्ही कॉम्प्युटर बंद केला. विजेचा प्लग भिंतीतून काढला. टेलिफोनची दोरीही काढली. मग पेटीचे झाकण उघडले. आधी पेटीच्या पत्र्याला हात लावला. कारण आपल्या अंगावरही थोडी वीज साठते, आणि तेवढ्यानेही कार्ड खराब होते. विजेचा पुरवठा करणारा आतला डबा मात्र उघडला नाही. तो कोणीच उघडू नये.

आत पाहतो तर काळ्या लांब खाचा आणि पांढऱ्या आखूड खाचा. जुने कार्ड काळ्या खाचेत होते. बाजारात नवी कार्डे मिळत ती पांढऱ्या खाचेची. सुदैवाने एक पांढरी खाच मोकळी होती. हे न पाहता कार्ड आणले असते आणि खाच मोकळी नसती, तर पैसे वाया गेले असते.

जुन्या कार्डाचा स्क्रू काढला, कार्ड सरळ वर ओढले. नवे कार्ड कडेला धरून सरळ दाबून बसवले, स्क्रू आवळला. कार्डाला दोन भोके होती. एक भिंतीकडच्या दोरीचे, दुसरे टेलिफोनचे. भिंतीची दोरी तिच्याच भोकात लावली. मग कॉम्प्युटर सुरू केला. जुन्या मॉडेमची नोंद पुसली. नव्याबरोबर आलेली सीडी घालून नव्याची नोंद केली.

मॉडेम किरकिरला. आम्हाला ते गाणेच वाटले!

पत्र हरवले नव्हते. टपाल कचेरीत पत्र पडून राहावे, तसे ते पलीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये चार दिवस थांबले होते. आम्ही वहीत उतरवले. मावशींनी बोट ठेवून तारीख स्वतः वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे येत्या शुक्रवारी. विमानतळावर मीच जाणार."

आज बहुतेक घरांतून ते मॉडेम गेले. इंटरनेट मोबाइलवर आले. पण शहाणपण तेच आहे. मोबाइल चार्ज होत नसेल तर आधी चार्जर बदलून पाहावा. मोटर चालत नसेल तर आधी वीज आणि वायर तपासावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे दोष कुणाचा ते कळते.

आणखी एक. ढग जमू लागले की टीव्हीचे, कॉम्प्युटरचे प्लग आणि बाहेरून येणाऱ्या तारा काढून ठेवाव्यात. विजा कडाडू लागल्यावर मात्र तारेला हात लावू नये. यंत्र नवे मिळते, जीव मिळत नाही.

प्रश्न
१. मॉडेमला दुभाष्या का म्हटले आहे?
२. बाहेरची तार चांगली आहे हे कसे कळले?
३. तुमच्या घरी एखादी वस्तू बंद पडली, तर आधी काय तपासाल?