पिन मलाही सांगू नकोस

ये, बस. काल फोनवर म्हणालीस, "ताई, सरकारी टेंडर आपल्यासारख्यांसाठी नसतंच गं." मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत राहिले. गणवेश मी शिवायचे, बिल दुसऱ्याच्या नावानं निघायचं.

आता केंद्राच्या खरेदीसाठी २०१६ पासून 'जेम' पोर्टल आहे आणि आपल्या राज्याच्या निविदा 'महाटेंडर्स'वर निघतात. आधी उद्यम नोंदणी कर. ती फुकट होते, एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्या २५ टक्क्यांमधले ३ टक्के बायकांच्या उद्योगांकडून, असं धोरणच आहे. तिथे बयाणा रकमेतही सूट मिळते. पण माल स्वतः बनवणाऱ्याला, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. तू स्वतः शिवतेस, तेव्हा हक्कानं माग. राज्याच्या निविदेत काय सूट आहे, ते त्या-त्या निविदेत नीट वाच.

महाटेंडर्सला डिजिटल सही लागते. पेनड्राइव्हसारखं टोकन असतं बघ. आपल्याकडे बरेच जण ते पिनसकट कॅफेवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. कोऱ्या चेकवर सही करून ठेवशील का कुणाकडे? मग हेही नको.

माझ्या पहिल्या टेंडरची गंमत सांगते, तेव्हा मात्र रडू आलं होतं. तांत्रिक लिफाफ्यातले कागद चढवले, दर भरलेली एक्सेल शीट चढवली आणि निवांत चहा घेतला. शेवटचं 'फ्रीझ' बटण दाबायचंच राहिलं! ध्यानात आलं तोवर मुदतीचे तीन वाजून गेले होते. तिथे सर्व्हरचं घड्याळ चालतं, आपल्या भिंतीवरचं नाही. तेव्हापासून मी दोन दिवस आधीच भरून मोकळी होते. हो, आणि त्या एक्सेल शीटचं नाव बदलू नकोस, नाहीतर पोर्टल ती घेत नाही. भरल्यावरही शुद्धिपत्रक आलंय का बघत राहा. कधी तारीख बदलते, कधी मापं.

पण टेंडर हुकल्याचं दुःख चार दिवसांचं. खरा फटका मला दुसरं टेंडर मिळाल्यावर बसला. सगळ्यांत कमी भाव माझा, मी एल-वन! पेढे वाटले. कापड, शिलाई, बटणं सगळं धरलं होतं. कापड तपासणीची फी, टेम्पोचं भाडं आणि पैसे येईपर्यंतचं व्याज मात्र धरलंच नव्हतं. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे, थकले तर ऑनलाइन तक्रारही करता येते. पण शिवणाऱ्या बायांची मजुरी शनिवारी द्यावी लागते गं. माझ्या पाटल्या तेव्हा गहाण पडल्या.

म्हणून आज लॅपटॉप उघडू नकोस. वही घे, एका गणवेशाचा खरा खर्च लिही आणि खाली रेघ ओढ. समोरचा कितीही खाली उतरो, आपण त्या रेघेखाली जायचं नाही. टेंडर गेलं तर गेलं, दुसरं निघेल.

उद्या टोकन घेऊन ये, दोघी मिळून भरू. पिन तेवढी तूच टाक, मी तोंड फिरवून बसेन.