मन मारून होकार नको

प्रश्न : पुण्याहून नोकरीसाठी गुरुग्रामला आले. ऑफिसातल्या मैत्रिणींना वाईट वाटू नये म्हणून न पटणाऱ्या गोष्टींनाही मान डोलावते; खर्च झेपत नसला तरी पार्ट्यांना जाते. काय करू?

उत्तर : जुळवून घेणं चांगलंच. हिंदी सफाईने बोला, छोले-कुलचे आवडीने खा. पण मन मारून होकार देऊ नका. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी दिल्लीतलं केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. तरी दिल्लीत त्यांचा मान टिकला; पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढच्या पार्टीला ‘या वेळी जमणार नाही’ एवढंच सांगा, सबब नको. दुसऱ्या दिवशी डबा मात्र त्यांच्यासोबतच खा. तुमचा नकार ज्यांना पचेल, त्या मैत्रिणी खऱ्या.