नखावरचं ताम्हण

अगं, नखांवर फुलं काढायला पार्लरच लागतं असं नाही. घरच्या घरी अ‍ॅक्रिलिकने ती उत्तम निघतात. मला हे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं. त्या साड्यांच्या काठांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर फॅब्रिक पेंटिंग करायच्या. वाटीत रंग उरला की आम्हा बायकांच्या नखांवर चार पाकळ्या उमटायच्या. आता तू ब्रश हातात घेतलाच आहेस, तर नीट ऐक.

घाई केलीस की फूल बिघडलंच म्हणून समज. खालचं नेलपॉलिश कच्चं असलं तर ब्रश त्यात रुततो आणि रंग ओरबाडून निघतो. नखावर खोबरेल तेलाचा अंशही नको. रिमूव्हरचा बोळा फिरवून घे. मग पारदर्शक बेस कोट आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात देऊ नकोस, तो वरून वाळतो आणि आत ओलाच राहतो. आपल्या नवी मुंबईला एका अंगाला ठाण्याची खाडी. जुलै-ऑगस्टात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तर रंगाचं काय! त्या दिवसांत दुपारी पॉलिश लाव, फुलं रात्री जेवणं-भांडी आटोपल्यावर काढ. आणि पंख्याखाली बस.

रंग वाशीला सेक्टर 17 मधल्या स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळतील. फेविक्रिलच्या छोट्या बाटल्या पुरे. शाळेतले पोस्टर कलर नकोत, ते वाळल्यावरही पाण्याने सुटतात. अ‍ॅक्रिलिक ओलं असेपर्यंत पाण्याने निघतं, वाळलं की निघत नाही. यातच सगळी सोय आहे: पाकळी चुकली तर ओल्या इअरबडने लगेच पुसून टाक, खालच्या पॉलिशला धक्का लागत नाही. ब्रशही वाळायच्या आत साबणाने धू, नाहीतर त्याचा खराटा होतो. रंगात पाणी बेताचंच घाल. फार पातळ झाला तर गुळगुळीत पॉलिशवर तो धरत नाही, त्याचे थेंब होतात. पाकळीला रंग बाटलीतल्यासारखाच, देठाच्या बारीक रेषेला जरा सरसरीत.

फूल कोणतं काढायचं? जे जवळून पाहिलंयस ते. पहिलं प्राजक्ताचं काढ. गडद पॉलिशवर टाचणीच्या डोक्याने पांढरे ठिपके गोलात दे आणि ओले असतानाच टाचणीच्या टोकाने प्रत्येक ठिपका मध्याकडे ओढ. वाळला की मधे केशरी ठिपका.

हात बसला की ताम्हण. आपल्या राज्याचं फूल ते, एप्रिल-मेमध्ये झाड जांभळं होऊन जातं. एक फूल उचलून बघ: पाकळ्या बहुतेक सहा, देठाशी निमुळत्या, कडा चुरगळलेल्या, मधे पिवळे पुंकेसर. चपट्या बारीक ब्रशच्या एका कोपऱ्यावर गडद जांभळा घे, दुसऱ्यावर पांढरा. पांढरा कोपरा बाहेर ठेवून ब्रश टेकव, हात किंचित थरथरवत अर्धवर्तुळ फिरव आणि मध्याशी उचल. एका फटकाऱ्यात सावलीसकट पाकळी होते, आणि थरथरीमुळेच कड खरी वाटते. सहाच्या सहा पाकळ्या नखावर बसवायचा हट्ट नको. बाजूच्या कडेतून डोकावणारं अर्धं फूल जास्त शोभतं. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळाशी कोरी पट्टी दिसू लागते. म्हणून फूल टोकाकडे असलेलं बरं.

डाव्या हाताने उजवी नखं रंगवताना सगळ्यांचीच तारांबळ उडते. त्यावर जाऊबाईंची युक्ती आहे. दुधाची पिशवी कापून, धुऊन, कोरडी कर आणि तिच्यावर फुलं काढ. रंगाचे दोन हात दे, रात्रभर वाळू दे. सकाळी चिमट्याने हळूच सोडवलंस की अख्खं फूल पापुद्र्यासारखं सुटून येतं. नखावर पारदर्शक पॉलिशचा पातळ हात द्यायचा, तो चिकट असतानाच फूल ठेवायचं आणि मधून कडेकडे दाबायचं.

टॉप कोट फुलं पूर्ण वाळल्यावरच. ब्रश भरून घे, एकदाच अलगद ओढ. घासलास तर पाकळ्या फिसकटतात. नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरव, कपचे तिथूनच उडतात. फिक्या पॉलिशवर हळदीचा डाग बसतो, तेव्हा कणीक मळायची आणि हळद लागायची कामं दोन दिवस दुसऱ्या कुणावर सोपव. लग्नघर असेल तर मेंदीच्या आधी नखांना बेस कोट लाव, म्हणजे नखं केशरी होत नाहीत.

ब्रशला टोक काढायला ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोड. ट्यूबवर कॅडमियम किंवा कोबाल्ट लिहिलेलं असेल तर तो रंग नखांसाठी नको. अंगठा चोखणाऱ्या पोरांच्या नखांवर काहीच नको. नख पिवळं-हिरवं पडलं असेल, ठिसूळ झालं असेल तर फुलाखाली झाकू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आणि काढताना खरवडू नकोस, नखाचा थर सोलून येतो. रिमूव्हरचा बोळा नखावर थोडा वेळ दाबून धर, मग पुसून घे आणि शेवटी तेलाचं बोट लाव. रिमूव्हर पटकन पेट घेतो. गॅसजवळ किंवा देवघरात निरांजन तेवत असताना बाटली उघडू नकोस. बाल्कनीत जाऊन बस.