मृगाआधी विहिरीचं पाणी तपासा

नागपूरजवळच्या बेसा-पिपळा भागात लेआउट वाढले, तरी पऱ्हाटी, तूर, भाजीपाल्याची वावरं अजून आहेत. जमीन बहुतेक काळी, भारी. पहिला जोराचा पाऊस झाला की धुऱ्याकडेने गढूळ पाणी वाहतं आणि आपण उताराला दोष देतो. उतार कारण आहेच. पण उन्हाळाभर त्या वावरात ओलिताला कसलं पाणी सोडलं, हेही बघायला हवं.

काळ्या मातीतले चिकण कण कॅल्शियम बांधून ठेवतं, सोडियम सुटे करतं. बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर सोडियम दर हंगामाला मातीत साठत जातं. ओलीत चालू असताना पाण्यातल्या क्षारांमुळे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून बिघाड लक्षात येत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते पडताच कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पपडी धरते. मग पाणी मुरत नाही, वरचा सुपीक थर घेऊन वाहतं. बोअरचं पाणी खारट लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. क्षार कमी आणि त्यातलं सोडियम जास्त, असं पाणी काळ्या जमिनीला फार घातक. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी सोडियमचा हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत.

मुरमाड बरडीत पाणी लवकर मुरतं. तिथे भीती वेगळी: माती वीतभरच, ती खरडली की खाली मुरूम. उताराला आडवी पेरणी करा, धुऱ्यावर गवत राखा.

घरी एक परीक्षा करा. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात अलगद सोडा, हलवू नका. नुसतं फुटून तळाशी बसलं तर ठीक. भोवती गढूळ वलय पसरलं तर माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत द्या. मोटर अर्धा तास चालू ठेवून, त्याच पाण्याने विसळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरा. अहवालात आरएससी (उर्वरित सोडियम कार्बोनेट) १.२५ पर्यंत असेल तर चिंता नाही, २.५ च्या वर असेल तर ते पाणी तसंच वापरू नका.

मातीतलं सोडियम हटवायला जिप्सम अहवालात सांगितलं तेवढंच टाका, शेजाऱ्याच्या मापाने नको. ते शेणखतासोबत वखरणीत वरच्या थरात मिसळा. पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा. मृग ७-८ जूनला लागतो आणि अहवालाला दिवस लागतात. नमुना याच आठवड्यात द्या.