घरच्या संगणकाची इंटरनेट जोडणी मंदावल्यास दोष कसा शोधावा?

मामा तलावाचे पाणी शेवटच्या बांधीत पोचले नाही म्हणून आपण लगेच तलाव आटला असे म्हणत नाही. बांधीपासून पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि वाटेत कुठेतरी खेकड्याने धुऱ्याला पाडलेले बीळ सापडते. घरच्या इंटरनेटचा दोषही असाच, टप्प्याटप्प्याने शोधावा.

चामोर्शी तालुक्यात आता अनेक घरी संगणक व राऊटर आहे. महाडीबीटी संकेतस्थळावरील कृषी योजनांसाठी २०२५ मध्ये सोडतीऐवजी 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' ही पद्धत आली. तेव्हापासून अर्ज कोणत्या वेळी दाखल झाला याला महत्त्व आले. अर्ज दाखल करताना जोडणी तुटली तर पंप किंवा अवजारासाठीचा आपला क्रमांक मागे जाऊ शकतो.

पहिली तपासणी तारेने करावी. राऊटर व संगणक लॅन केबलने थेट जोडून तेच काम करून पाहावे. तारेवर वेग चांगला आणि वायफायवर मंद असेल, तर दोष घरातच आहे; कंपनीला फोन करण्याची गरज नाही. माझ्या घरी दोन महिने मी कंपनीलाच दोष देत होतो. राऊटर पोलादी कपाटामागे होता, तो बाहेर काढून उंच फळीवर ठेवताच तक्रार मिटली. लोखंडी कपाट, टिनाचे पत्रे, पाण्याचा ड्रम आणि जाड मातीच्या भिंती वायफायच्या लहरी अडवतात. म्हणून राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर व उघड्यावर ठेवावा. मात्र टिनाच्या छताला लागून ठेवू नये. उन्हाळ्यात तो तापतो व वारंवार बंद पडतो. दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ आणि जवळच्या जलद कामासाठी ५ गिगाहर्ट्झ निवडावे.

तारेवरही वेग मंदच असल्यास आधी घरातील इतर मोबाइल काही वेळ वायफायवरून काढावेत. त्यांतील फोटो आपोआप चढत असतात, संगणकही न विचारता अद्ययावत होत असतो. संकेतशब्द शेजारी कोणाला दिला आहे का, हेही आठवून पाहावे.

त्यानंतर संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' ही आज्ञा द्यावी. प्रथम राऊटरचा पत्ता घ्यावा (बहुधा १९२.१६८.१.१, राऊटरच्या तळाशी चिकटवलेला असतो), मग ८.८.८.८. तारेवर राऊटरचे उत्तर काही मिलीसेकंदांत यायला हवे. ते अडखळत असेल तर केबल किंवा राऊटर बदलून पाहावा. राऊटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष बहुधा घराबाहेर आहे. दोन्ही उत्तर देतात, तरी कोणतेच संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर राऊटरमधील डीएनएसची नोंद तपासावी. एकच संकेतस्थळ अडत असेल तर गर्दी तिकडे आहे. पहाटे प्रयत्न करावा.

फायबर जोडणीच्या पेटीवर 'एलओएस' हा लाल दिवा लागल्यास प्रकाश पेटीपर्यंत येत नाही असे समजावे. केबल कुठे दुमडली किंवा उंदराने कुरतडली आहे काय, ते घरात पाहावे. बाहेर तुटली असेल तर ती जोडणे आपले काम नाही. आपल्या भागात अनेक घरी जोडणी मोबाइल टॉवरवरूनच येते. तेथे राऊटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा. पावसाळ्यात ओल्या दाट झाडीने सिग्नल क्षीण होतो आणि संध्याकाळी टॉवरवर भार वाढतो. गावाची वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते. अशा वेळी राऊटर दहा वेळा चालू-बंद करून काहीच साधत नाही.

वेगाच्या आकड्याबाबत बराच गैरसमज आढळतो. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटचे ८ बिट होतात. शिवाय अर्जासाठी महत्त्वाचा आहे तो चढवण्याचा वेग. तो ०.५ मेगाबिट असल्यास ४ मेगाबाइटचा कागद चढायला किमान ६४ सेकंद लागतात; तोच कागद ५०० किलोबाइटचा केल्यास ८ सेकंद. म्हणून कागदपत्रे आदल्या दिवशीच लहान आकारात तयार ठेवावीत. मोठा वेग विकत घेण्यापेक्षा हा उपाय मला अधिक पटतो.

वीज कमी-जास्त होणाऱ्या गावात राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवावा. घेण्यापूर्वी ॲडाप्टरवरील व्होल्ट व अँपिअर वाचून पाहावेत. ढग गडगडू लागताच ॲडाप्टर बोर्डातून काढावा. फायबरच्या काचेतून वीज येत नसली तरी ॲडाप्टरमधून येते.

कंपनीकडे तक्रार करताना 'नेट चालत नाही' एवढेच सांगू नये. दोष कोणत्या वेळी येतो, तारेवर जोडून पाहिले काय, कोणता दिवा लाल आहे आणि पिंगचे उत्तर काय आले, हे सांगून तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्यावा.