इसराफ चुलीपाशी सुरू होतो

इसराफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताटात टाकलेले अन्न येते. दावतीनंतर उष्ट्या बिर्याणीने भरलेली पातेली पाहून आपण हळहळतो. परंतु सूरह अनआमची १४१ वी आयत आपल्याला त्याहून बरेच मागे नेते. खजूर, पिके, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून अल्लाह तेथे फळ धरले की ते खाण्यास आणि कापणीच्या दिवशीच त्यातील हक्क देण्यास सांगतो व लगेच उधळपट्टीस मनाई करतो. म्हणजे अन्न ताटात येण्यापूर्वी, ते हाती येते त्याच दिवशी इसराफचा प्रश्न उभा राहतो.

मोसमाचे पहिले फळ प्रेषित (स.) यांच्याकडे आणले जाई, तेव्हा ते बरकतीची दुआ करीत आणि हजर असलेल्या सर्वांत लहान मुलाला ते फळ देत, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. या हदीसमध्ये वाट पाहण्याचा आनंद आहे. ज्या वस्तूची कधी वाटच पाहिली नाही, ती फेकताना हात अडखळत नाही.

कोकणात माझ्या लहानपणी मोसमाचा हिशेब आईच्या डोक्यात असे. मे महिन्यात आंबोशी, आमसुले आणि सुकी मासळी डब्यांत भरली जाई. फणस फोडला की आठळ्या धुऊन, सुकवून ठेवायच्या. पावसात मासेमारी थांबली की त्या सोड्यांबरोबर कालवणात पडत. तिने इसराफ हा शब्द क्वचितच उच्चारला असेल.

मी मात्र तो मिंबरवरून वारंवार उच्चारतो. गेल्या रमजानमध्ये एका जुम्याला याच विषयावर बयान करून घरी आलो आणि फ्रीज उघडला. तीन दिवसांचे सालन, मऊ पडलेली भजी, कापून ठेवलेली व आंबलेली पपई. मी काही बोलणार, तोच पत्नी शांतपणे म्हणाली, “रोज इफ्तारला नवीन काहीतरी हवे, असे तुम्हीच म्हणता. फळेही तुम्हीच आणता, घरात काय आहे ते न विचारता.” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अन्नाच्या नासाडीवरचा उपदेश आपण बहुधा स्त्रियांना करतो. फर्माईश करणारे आणि बाजारातून पिशव्या भरून आणणारे आपण त्यातून सहज निसटतो. प्रेषित (स.) यांनी कधी कोणत्याही अन्नाला नाव ठेवले नाही, आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले. एकदा त्यांनी घरात सालन मागितले. सिरक्याखेरीज काहीच नाही, असे कळल्यावर त्यांनी तोच मागवला आणि त्याचीच प्रशंसा करीत भाकरी खाल्ली. हजरत जाबिर (रजि.) त्या वेळी सोबत होते, त्यांना तेव्हापासून सिरका प्रिय झाला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. उरलेले, कोणी खात नाही असे अन्न गरिबाच्या दारी पोहोचवले की आपण सुटलो, असे अनेकांना वाटते. स्वतः डोळे झाकूनच घेऊ अशी वस्तू अल्लाहच्या मार्गात देऊ नये, असे सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत बजावले आहे. हजरत अबूजर (रजि.) यांना प्रेषितांनी शोरबा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांना त्यातून देण्यास सांगितले. शेजाऱ्याचा वाटा भांडे चुलीवर असतानाच ठरतो, उरल्यावर नव्हे. कापणीच्या दिवशीचा हक्क तोच येथे घरात आला आहे. (खराब झालेले, अपायकारक अन्न मात्र इसराफच्या भीतीने खाऊ नये, शरीरही अमानत आहे.)

आता असरनंतर बाजारात निघण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात जाऊन काय आहे ते विचारतो. परवा अर्धा दुधी आणि मूठभर चणाडाळ निघाली. बाजार राहिला. पत्नीने डाळ भिजत घातली, शिजवताना पाणी थोडे वाढवले आणि मगरिबच्या आधी एक वाडगा शेजारच्या चाचींकडे गेला. वाडगा परत आला, तेव्हा त्यात त्यांच्या परसातली चार हिरवी लिंबे होती.